पावतीची मागची बाजू

पुण्यात वकिली करत होते तेव्हा संस्था म्हटलं की डोळ्यांपुढे यायचं ते तिची घटना, चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याची नोंद) आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातले हेलपाटे. एलएलएमनंतर वॉशिंग्टनमध्ये अनुदानांचे हिशेब तपासायला लागले आणि मासे आणि वन्यजीवांच्या संवर्धनासाठी अनुदान देणाऱ्या नॅशनल फिश अँड वाइल्डलाइफ फाउंडेशनचा कायदा हाती आला. या संस्थेची घटना म्हणजे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 1984 साली केलेला कायदाच. उद्देश बदलायचा तर संचालकांच्या ठरावाने भागत नाही, काँग्रेसकडेच जावं लागतं.

नव्यांनी आधी एक ओळ पाठ करावी: ही संस्था सरकारचा विभाग नाही. संचालक नेमतात इंटिरिअर खात्याचे मंत्री (आपल्या गृहमंत्र्यांशी गल्लत नको, वन्यजीव, सरकारी जमिनी हे त्यांचं खातं), तरी संचालक सरकारी नोकर ठरत नाहीत. पगार नाही, फक्त प्रवास-निवासाचा खर्च. संस्थेचं कर्ज सरकारच्या माथी बसत नाही. देणगी घेणं, मालमत्ता विकणं, करार करणं, दावा लावणं हे अधिकार आहेत. पण उद्देशाबाहेर पाऊल पडलं, तर देशाचे अॅटर्नी जनरल कोर्टात जाऊ शकतात. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीच्या खटल्यांत 2013 साली बीपी ही तेलकंपनी आणि विहीर खोदणारी ट्रान्सओशन यांच्याकडून मिळून 254 कोटी 40 लाख डॉलर याच संस्थेकडे सोपवले गेले. जबाबदारी केवढी, ते यावरून कळावं.

रोजच्या कामात माणूस अडकतो तो मॅचिंगमध्ये, म्हणजे संस्थेमार्फत मिळणाऱ्या फेडरल (केंद्र सरकारच्या) पैशाला गटाने स्वतः उभी करायच्या जोडीमध्ये. पहिल्याच वर्षी नदीकाठच्या एका छोट्या गटाची फाइल आली. आकडे जुळत होते, मी मान्य केली. वरिष्ठ बाईंनी रोपांची पावती उलटून दाखवली. मागे दुसऱ्याच फेडरल अनुदानाचा क्रमांक! फेडरल पैशाला फेडरल पैसाच जोड म्हणून चालत नाही. ती रक्कम जोडीतून गेली, आणि गटाचा जीव टांगणीला लागला. पण कायद्यात रोख रकमेबरोबर सेवाही धरता येते. मग आम्ही स्वयंसेवकांच्या हजेरीचे चिखलाने माखलेले कागद काढले. नाव, तारीख, आल्या-गेल्याची वेळ, सही. त्या तासांतून तूट भरली.

म्हणून गटांना पहिल्याच बैठकीत सांगा, हजेरी त्याच दिवशी, नदीवरच भरायची. महिन्याभराने आठवून भरलेले तास मी मान्य करत नाही.