लष्करी सरप्लसमधला स्कॉटिश किल्ट: माप कसं घ्यावं, कसा निवडावा

जीन्सच्या लेबलवरचा आकडा आधी विसरा. एडिनबरात राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी पहिला लष्करी किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पोशाख, मागवला. माझ्या सगळ्या पँटी ३४ च्या, म्हणून किल्टही ३४ चा. पार्सल उघडलं तर कापड अप्रतिम होतं, गडद हिरवं-निळं, हातात घेतल्यावर घोंगडीसारखं भारदस्त. पण बक्कल लागायला चार बोटं कमी पडली. विकणाऱ्याची यात काही चूक नव्हती. पँट आपण कमरेच्या हाडावर, पोटाच्या खाली घालतो. किल्ट बसतो बेंबीच्या रेषेत, बरगड्यांच्या जरा खाली. या दोन जागांत माझ्या अंगावर तीन इंचांचा फरक आहे, आणि पोट थोडं सुटलेलं असेल तर तो याहून जास्त निघतो.

सरप्लसचाच, म्हणजे सैन्याने विकायला काढलेलाच किल्ट का घ्यायचा? नवा, शुद्ध लोकरीचा, हाताने शिवलेला किल्ट स्कॉटलंडमध्ये चार-पाचशे पौंडांच्या पुढे जातो. सैन्याचा जुना किल्ट त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतो आणि कापड बहुतेकदा जास्त जाड असतं, यार्डाला १६ ते १८ औंसांचं. अख्खा किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो. चालताना चुण्या मागे जो झोका घेतात तो या वजनामुळेच. हलक्या कापडाला ती चाल येत नाही.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या सामान्य पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी आली आणि ती उठली १७८२ मध्ये. त्या ३६ वर्षांत सूट होती ती सैन्याला. किल्ट टिकला त्यात रेजिमेंटांचा, म्हणजे सैन्यातल्या पलटणींचा मोठा वाटा आहे.

मापं तीनच, पण क्रम महत्त्वाचा

आपल्याकडचा शिंपी कंबरेपासून सुरुवात करतो. किल्टला उलट जा. आधी सीट, म्हणजे नितंबांचा घेर, मग उंची आणि शेवटी कंबर.

याचं कारण किल्टच्या शिवणीत आहे. पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात, मागे चुण्या. या चुण्या कमरेपासून सीटच्या सर्वात भरलेल्या भागापर्यंत एकेक करून शिवून टाकलेल्या असतात आणि त्याखाली मोकळ्या सुटतात. सीट बदलायची तर ती प्रत्येक चुणी उसवून परत घालावी लागते, म्हणजे जवळजवळ नवा किल्टच शिवायचा. कंबर मात्र बक्कलं सरकवून इंच-दोन इंच सहज जुळते.

सीटचं माप घ्यायला पातळ पँटवर उभे राहा, खिसे रिकामे करा आणि नितंबांच्या सर्वात रुंद भागाभोवती टेप आडवी, सरळ फिरवा. टेप आवळू नका, दोन बोटं आत जातील इतकी सैल ठेवा. हे माप दुसऱ्याकडून घेतलेलं बरं, कारण स्वतः घेताना टेप मागून खाली घसरते.

उंचीसाठी बेंबीच्या रेषेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मोजा. जुनी खात्रीची पद्धत अशी की जमिनीवर दोन्ही गुडघे टेकून ताठ बसायचं आणि बेंबीपासून जमिनीपर्यंत मोजून त्यातून एक इंच वजा करायचा. माझी उंची पाच फूट सात इंच, माझं माप साडेबावीस इंच येतं.

इथे लष्करी किल्टची एक खोच आहे. बऱ्याच लष्करी किल्टना वरच्या पट्ट्याच्याही वर इंच-दोन इंच कापड असतं. ते बरगड्यांकडे चढतं. विकणारा एकूण लांबी २४ इंच सांगतो, तेव्हा ती अगदी वरच्या टोकापासून असू शकते. म्हणून नेहमी दोन आकडे मागा: वरच्या कडेपासून खालपर्यंत आणि वरच्या पट्ट्याच्या मध्यापासून खालपर्यंत. तुमच्या उंचीच्या मापाशी जुळवायचा तो दुसरा.

लांब असला तर खालून कापून घेऊ, असा विचार करू नका. किल्टच्या खाली दुमड नसते. तिथे कापडाचा स्वतःचा विणलेला काठ असतो, साडीला असतो तसा. तो कापला की किल्टचा तोल आणि रूप दोन्ही जातं. लांबी कमी करायची तर ती वरून, आणि ते काम किल्ट शिवणाऱ्या जाणकाराचंच. अर्धा-एक इंच जास्त असेल तर किल्ट थोडा वर चढवून घालता येतो. आखूड असेल तर मात्र तो सोडून द्या.

विकणाऱ्याला काय मोजायला सांगाल

लेबलवरचे आकडे पुसट असतात, कधी इंचात तर कधी सेंटिमीटरमध्ये. शिवाय मधल्या काळात कुणीतरी बक्कलं सरकवलेली असू शकतात. त्यामुळे लेबलपेक्षा टेपवर विश्वास ठेवा. किल्ट बक्कल लावून, पुढचा पदर वर येईल असा टेबलावर सपाट ठेवायला सांगा. मग:

१. कमरेपाशी पुढच्या पदराची रुंदी, कडेपासून कडेपर्यंत.
२. किल्ट पालथा करून तिथेच चुण्यांच्या भागाची रुंदी. या दोन्हींची बेरीज म्हणजे कंबर.
३. चुण्यांची शिवण जिथे संपते तिथे पुन्हा हीच दोन मापं. त्यांची बेरीज म्हणजे सीट.
४. वर सांगितलेल्या दोन्ही लांब्या.

समजा शिवण संपते तिथे पदर साडेअठरा इंच आणि चुण्या साडेबावीस इंच निघाल्या. बेरीज ४१. तुमची सीट ४० असेल तर हा किल्ट घ्या. ४२ असेल तर नको, कारण उभं राहिल्यावर चुण्या फाकतील आणि मागून तो किल्ट ताणलेला दिसेल. सीटमध्ये एखादा इंच मोकळा चालतो, घट्ट अजिबात चालत नाही. हे आकडे द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर दुसरा विक्रेता शोधा.

टार्टन ओळखा

२८ मार्च २००६ रोजी स्कॉटिश पायदळाच्या रेजिमेंटा एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड उभी राहिली. बाजारात दिसणारे बरेच किल्ट त्याआधीच्या रेजिमेंटांचे असतात. टार्टन म्हणजे किल्टच्या कापडाचा ठरावीक रंगांचा चौकडा. ब्लॅक वॉच या रेजिमेंटचा गडद निळा-हिरवा-काळा चौकडा, ज्याला गव्हर्न्मेंट टार्टन म्हणतात, तो सगळ्यात जास्त दिसतो. त्याच चौकड्यावर पिवळी रेघ असेल तर गॉर्डन हायलँडर्स. आर्गाइल अँड सदरलँडचा त्याच जातीचा, पण छटा उजळ. लाल आणि पिवळ्या रेघा असलेला कॅमेरन हायलँडर्सचा. लंडन स्कॉटिशला टार्टनच नाही, त्यांचा किल्ट सपाट, मातकट करड्या रंगाचा.

पांढरी आणि लाल रेघ दिसली तर तो मॅकेंझी टार्टन, सीफोर्थ हायलँडर्सचा, आणि त्याचा धागा थेट महाराष्ट्रात येतो. ही रेजिमेंट १८८१ मध्ये ७२ वी आणि ७८ वी या दोन रेजिमेंटा मिळून झाली. १७९३ मध्ये मॅकेंझी घराण्यातल्या सरदाराने उभी केलेली ७८ वी हायलँडर्स २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती. आपल्या जालना जिल्ह्यातलं हे गाव पुढे सीफोर्थच्या निशाणावर हत्तीच्या चिन्हासह झळकलं. असईला माझं आजोळ जवळ आहे. म्हणून मॅकेंझीचा किल्ट हातात घेतला की मला तो नुसता कपडा वाटत नाही. घ्यायचा की नाही, ते प्रत्येकाने आपापलं ठरवावं.

लष्करी किल्टच्या चुण्या बहुधा रेघेवर घातलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक चुणीच्या मध्यभागी तीच एक रेघ येते. त्यामुळे मागून पाहिलं तर चौकडा दिसत नाही, उभ्या रेघांची रांग दिसते. नागरी किल्टमध्ये अनेकदा चुण्या अशा बेताने घालतात की पूर्ण चौकडा मागेही जुळून येतो. ओळखायची ही सोपी खूण आहे, पण एकटी पुरेशी नाही.

अस्सल आहे का

आतल्या अस्तरावर लेबल शोधा. अलीकडच्या किल्टवर तेरा आकडी नाटो क्रमांक असतो. त्याची सुरुवात ८४०५ ने झाली आणि पाचवा-सहावा आकडा ९९ असला, तर माल ब्रिटिश. तिथे २१ असेल तर कॅनडाचा, कारण कॅनडातही स्कॉटिश रेजिमेंटा आहेत आणि त्यांचे किल्टही तितकेच चांगले. जुन्यांवर सरकारी मालकीचा बाणाचा शिक्का आणि काळ्या शाईत सैनिकाचा क्रमांक सापडतो. तो पुसू नका.

‘मिलिटरी किल्ट’ या नावाने अॅक्रिलिकचे नवे किल्टही भरपूर विकले जातात. बँडच्या गणवेशासाठी ते ठीक, पण ते सरप्लस नव्हेत. शंका आली तर विकणाऱ्याची परवानगी घेऊन आतल्या बाजूचा एक सुटलेला धागा चिमट्यात धरून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत भुरभुर होते. अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते.

प्रत्यक्ष जाऊन पाहणं केव्हाही चांगलं. एडिनबरात ग्रासमार्केटला जुन्या कपड्यांचं आर्मस्ट्राँग्ज आहे, ग्लासगोत शनिवार-रविवारचा बॅरास बाजार आहे. किल्ट खिडकीसमोर धरा आणि चुण्या एकेक उलगडून पाहा. कसर लागली असेल तर टाचणीएवढ्या छिद्रांतून उजेड येतो. कसर वरून दिसत नाही, चुण्यांच्या आत, घामाच्या आणि धुळीच्या जागी लागते. एक-दोन छिद्रं रफू होतात. रांगच असेल तर राहू द्या. चामड्याचे पट्टे वाळून तडकलेले असले तरी घाबरू नका, ते बदलता येतात. उन्हाने एका बाजूचा रंग उडाला असेल तर त्यावर उपाय नाही.

घरी आणल्यावर

ताबडतोब कपाटात ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवा. अंडी-अळ्या असतील तर मरतात. नंतर बाहेर वाऱ्यावर टांगा, डांबरगोळीचा जुना वास त्यानेच जातो.

घालताना आतला पदर डाव्या बाजूला न्या. त्याचा पट्टा कमरेच्या पट्टीतल्या फटीतून बाहेर काढून डाव्या बक्कलात लावा. वरचा पदर उजवीकडे येतो आणि उजवीकडेच बंद होतो. किल्टची पिन वरच्या पदराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, फक्त वरच्या पदरातून. दोन्ही पदर एकत्र टोचले तर चालताना कापड फाटतं. बसताना हात मागे नेऊन चुण्या खाली सारख्या करा, नऊवारीत बसताना आपल्या बायका करतात तशाच.

रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला किंवा इतर लष्करी चिन्हं मात्र त्यावर लावू नका. ब्रिटनमध्ये १८९४ च्या कायद्याने परवानगीशिवाय सैन्याचा गणवेश घालणं गुन्हा आहे. नुसता किल्ट, साधा शर्ट आणि लोकरी मोजे याला कुणाची हरकत नसते.

चुण्या मोडल्या असतील तर सरळ इस्त्री फिरवू नका. किल्ट पालथा अंथरा, चुण्या रेघेला रेघ लावून बसवा आणि मोकळ्या भागावर काठाजवळ एक, मध्ये एक असा पांढऱ्या दोऱ्याचा लांब धावदोरा घाला. ओलं सुती फडकं पसरून वाफेने दाबा. इस्त्री उचलून पुढे ठेवा, ओढू नका. रात्रभर तसाच राहू द्या, आणि सकाळी कापड पूर्ण सुकलंय हे हाताने पाहूनच धावदोरा काढा.