पणाला काय लावावे : जुगाऱ्याच्या विज्ञान-चित्रकथेची बांधणी

जुगारी आणि अमानवी शक्ती यांचा सामना रंगवणारी चित्रकथा लिहायला घेतली की बहुतेकांच्या मनात आधी सैतान येतो, मग त्याचे लाल डोळे येतात आणि शेवटी जुगाऱ्याचा आत्मा पणाला लागतो. हा क्रम उलटा करावा. आधी खेळ ठरवावा, त्या खेळाचे गणित कागदावर मांडावे, त्यानंतर काय पणाला लागणार ते ठरवावे आणि समोर बसणाऱ्या शक्तीला सर्वांत शेवटी बोलवावे. जिंकल्यावर काय मिळते आणि हरल्यावर काय जाते हे वाचकाला नेमके कळले नसेल, तर समोर यमराज बसला काय आणि कोपऱ्यावरचा पानवाला बसला काय, त्याला दोन्ही सारखेच.

या बांधणीचे दोन उत्तम नमुने महाभारतात आहेत. सभापर्वातल्या द्यूतात युधिष्ठिर धन, राज्य, मग भाऊ, मग स्वतःला आणि अखेर द्रौपदीला हरतो. पण त्या प्रसंगाचा कणा द्रौपदीच्या प्रश्नात आहे. धर्मराजाने आधी स्वतःला हरवले की मला, असे ती विचारते, आणि स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, याचा निवाडा भीष्मांनाही करता येत नाही. प्रश्न भावनेचा नाही, निव्वळ नियमाचा आहे, आणि म्हणूनच सगळी सभा त्यात अडकते. वनपर्वातल्या नलकथेत तर कली नलाच्या अंगातच शिरलेला असतो. नल ज्याचा सारथी झालेला असतो तो राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे नुसत्या नजरेने सांगतो, नल रथ थांबवून झाड पाडतो, मोजून पाहतो आणि हिशेब तंतोतंत जुळतो. ऋतुपर्णाची ती अक्षविद्या, म्हणजे फाशांची आणि मोजणीची विद्या, हाती येताच कली त्याच्या शरीरातून बाहेर पडतो. झपाटलेला माणूस मोजणीने मोकळा होतो, याहून चांगली विज्ञानकथेची कल्पना सहसा सापडणार नाही.

खेळ निवडताना ज्याची शक्यता एका चौकटीत सांगता येईल असा निवडावा. तीन पत्तीत तीन पानांचे एकूण 22,100 संच होतात आणि त्यांपैकी 52 ट्रेल, म्हणजे तिन्ही पाने एकाच किमतीची, असतात, म्हणजे सरासरी 425 डावांत एकदा ट्रेल येते. एवढे वाक्य कथेत कुठेतरी पडले की तिसऱ्यांदा सलग ट्रेल येताच वाचक आपोआप सावरून बसतो. मात्र पत्त्यांचा अड्डा इतक्यांनी रंगवला आहे की चित्रकाराला त्यात नवे काही मिळत नाही. मुंबईच्या आकड्याच्या जुगारात ते मिळते. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधले कापसाचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवरून, म्हणजे तारेने आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रावरून, मुंबईत येत आणि त्यांतल्या आकड्यांवर सट्टा चाले. 1961 मध्ये ते थांबले, मग चिठ्ठ्या मडक्यातून काढण्याची टूम निघाली आणि 1962 मध्ये कल्याणजी भगत व 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. आपली कथा हे भाव येणे थांबण्याच्या आधीच्या काही महिन्यांत ठेवावी. तीन पत्ते काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक धरण्याची पद्धत नंतरची असल्यामुळे ती या कथेत घुसडू नये. जाणकार वाचक अशा चुका लगेच पकडतात आणि मग पुढच्या कशावरच विश्वास ठेवत नाहीत.

आता कल्पना मांडू. गिरणीच्या साचेखात्यातल्या, म्हणजे कापड विणण्याच्या विभागातल्या, एका कामगाराला असे कळते की एक टेलिप्रिंटर एका ठराविक वेळी उद्याचे भाव आजच छापतो. उघडत्या आणि बंद भावाचा एकेक अंक मिळून होणाऱ्या जोडीवर, कथेपुरते, नव्वदपट पैसे मिळतात असे धरावे. जोड्या शंभर असतात, म्हणजे प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये बुकीच्या खिशात राहतात. सलग तीन जोड्या योगायोगाने लागण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे, त्यामुळे बुकीला संशय येणे अटळ आहे आणि कथेला एक माणूसरूपी शत्रूही फुकटात मिळतो.

किंमत ठरवताना आत्मा, रक्त, आयुष्याची वर्षे हे सगळे बाजूला ठेवावे. ते मोजता येत नाही आणि काढून दाखवताही येत नाही. आपल्या कथेत नव्वदपटीच्या बदल्यात भूतकाळातले सलग नव्वद दिवस जातात. उद्याची बातमी आज आणायची तर तेवढाच काल परत करावा लागतो, हा यंत्राचा हिशेब. कुठले नव्वद द्यायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे, आणि दिलेल्या दिवसांत तो कुणाच्याच आठवणीत, अगदी स्वतःच्याही, उरत नाही. पहिल्या वेळी तो हुशारी करून रात्रपाळीचे कंटाळवाणे दिवस देतो. दुसऱ्या दिवशी साच्यावर ताणा तुटतो आणि त्याला धागा जोडता येत नाही, कारण जोडणे तो त्याच दिवसांत शिकलेला असतो. ही चौकट मोठी ठेवावी: दोन हात, त्यांच्यामध्ये तुटलेला धागा, आणि मागे जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, चेहरा. संवाद अजिबात नको. खोलीच्या भिंतीवरचा स्टुडिओतला कौटुंबिक फोटोही दर दोन पानांनी त्याच कोनातून दाखवावा आणि त्यातली त्याची जागा रिकामी झाल्याचे निवेदनात चुकूनही सांगू नये.

शेवट नियमातूनच निघाला पाहिजे. ज्या रात्री त्याने पहिला आकडा लावला तीच रात्र ज्यांत येते ते नव्वद दिवस पणाला लावले तर करार उरतो का, हा द्रौपदीचाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा राहतो. पण तो फुकट सुटू देऊ नये. त्याच दिवशी त्याची मुलगी जन्मली होती, पैशांची गरज त्यामुळेच पडली होती, हे दुसऱ्या पानावर सहज सांगून ठेवावे. करार मोडल्यावर आधी गेलेले दिवस परत येतात का, याचे उत्तर कथेत दिले नाही तरी लेखकापाशी हवे. माझ्या मते ते यावेत आणि शेवटचे नव्वद मात्र येऊ नयेत, कारण ते देण्याच्या क्रियेनेच करार रद्द झालेला आहे. हात परत मिळतात, मुलीचा जन्म मिळत नाही. बुकी किंवा यंत्र नायकाची दया येऊन त्याला सोडते असा शेवट मात्र कधीही करू नये.

अशा कथेला आठ पाने पुरतात, पानाला पाच-सहा चौकटी. छापील अंकात पहिले पान उजवीकडे येत असेल तर धक्का नेहमी सम क्रमांकाच्या पानावर, म्हणजे पान उलटल्यावर दिसेल असा ठेवावा. तिसऱ्या किंवा पाचव्या पानावरचा धक्का समोरासमोरच्या पानांत आधीच नजरेत येतो आणि वाया जातो. मोबाइलवर खाली सरकवत वाचायची कथा असेल तर पान उलटण्याचे काम दोन चौकटींमधली लांब मोकळी जागा करते.

अक्षरलेखनाकडे मराठीत फार दुर्लक्ष होते. इंग्रजी चित्रकथांतले संवादाचे फुगे मोठ्या लिपीतल्या एकसारख्या उंचीच्या अक्षरांसाठी आखलेले असतात; देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, त्यामुळे ओळींमध्ये जास्त अंतर लागते आणि तोच मजकूर जास्त जागा खातो. म्हणून एका फुग्यात पंधरा-वीस शब्दांपलीकडे जाऊ नये, आणि आधी बोलणाऱ्याला चौकटीत डावीकडे उभे करण्याची सूचना पटकथेतच लिहावी, नाहीतर फुग्यांची शेपटे एकमेकांना छेदतात. यंत्राला फुगा देऊच नये. त्याने कागदाच्या पट्टीवर आकडेच छापावेत आणि ते आकडे चित्रकाराच्या हातचे नसून टंकाचे असावेत.

पटकथा चित्रकाराकडे देण्यापूर्वी तारखांचा एक तक्ता करावा: लग्न, कामावर लागणे, धागा जोडायला शिकणे, मुलीचा जन्म, पहिला आकडा आणि प्रत्येक वेळी गेलेले नव्वद दिवस. फोटो कधी काढला तेही त्यात लिहावे. तक्त्यात दोन नव्वद एकमेकांवर चढले, तर चूक कुठल्या पानावर आहे ते तिथेच कळते आणि रंगवून झालेली पाने पुन्हा काढायची वेळ येत नाही.