गाडी मिसिंग करतेय? नवी कॉइल घेण्याआधी या चुका टाळा

स्कॅनरवर पी०३०३ हा फॉल्ट कोड दिसला, की लोक थेट कॉइल, म्हणजे प्लगला स्पार्कसाठी वीज देणारा भाग, आणायला निघतात. त्या कोडचा अर्थ एवढाच, की तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाहीय. का होतोय, हे स्कॅनर सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कमी कॉम्प्रेशन, कशानेही तोच कोड येतो. तरी आधी खरेदी आणि मग तपासणी!

अशीच एक गाडी आली होती. मालकाने चारही कॉइल नव्या टाकलेल्या, जुन्या पिशवीत. उभ्या गाडीत इंजिन गुळगुळीत, पण चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके. "नवीन कॉइलच खराब निघाली," असं त्याचं निदान. तिसरी कॉइल वर काढली तर तिचा प्लगवर बसणारा रबरी बूट तेलाने माखलेला. प्लगच्या खळग्याचं सील गळत होतं. प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर केसाएवढी काळी रेघ, आणि तशीच रेघ नव्याकोऱ्या बुटाच्या आत. स्पार्क गॅपमध्ये, म्हणजे प्लगच्या टोकाच्या फटीत, पडायचा सोडून त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर इंजिनच्या धातूत उतरत होता. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, मग वीज सोपी वाट धरते. म्हणून उभ्या गाडीत काहीच सापडत नाही. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, सील, नवे प्लग, एक बूट, झटके बंद. पिशवीतल्या जुन्या कॉइल लावून पाहिल्या, चारही ठणठणीत.

जुना प्लग तसाच ठेवून वर नवी कॉइल बसवणं मला अजिबात सहन होत नाही. झिजलेल्या प्लगचा गॅप वाढलेला असतो, त्यामुळे नव्या कॉइललाही जास्त जोर लावावा लागतो.

माझी सवय अदलाबदलीची. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसायचा आणि झटके जिथे यायचे तशाच रस्त्यावर, तशाच लोडवर गाडी चालवायची. पी०३०१ आला तर कॉइल गेली. पी०३०३च राहिला तर आता प्लगची अदलाबदल. तरीही हलला नाही, तर कनेक्टर आणि वायर बघा, नंतर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. घाई असलेले कॉइल आणि प्लग एकदम बदलतात आणि मग मलाच विचारतात, नक्की काय खराब होतं? काही गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरना स्पार्क देते, बहुधा १-४ आणि २-३. तिथे अशी जोडीच मिसिंग करत असेल तर पहिला संशय कॉइलवर.

दुसरा आवडता शॉर्टकट म्हणजे चालू इंजिनवर प्लगची वायर उपटून स्पार्क बघणं. तिथे हजारो व्होल्ट असतात. शॉक बसतो तो बसतोच, शिवाय वाट न मिळालेली वीज कॉइलचं इन्सुलेशन आतून फोडते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन तो खराब करतं. मी इंजिन बंद करून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढतो आणि पुन्हा चालू करतो. ज्याच्यामुळे इंजिनच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला. चेक लाइट लुकलुकत असेल तर मात्र असले प्रयोगही नकोत. गाडी बाजूला घ्या आणि बंद करा.

बाकीच्या चुका थोडक्यात. नवा प्लग आहे म्हणजे गॅप बरोबरच असणार, असं धरू नका, मोजा. पण इरिडियम प्लगच्या बारीक टोकावर गेज दाबू नका. हातातून पडलेला प्लग लावू नका. प्लग काढण्याआधी खळगा हवेने साफ करा, नाहीतर कचरा सरळ सिलिंडरमध्ये. अॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढू नका. बसवताना पहिले आटे हातानेच. मी रबरी नळीच्या तुकड्यात प्लग धरून फिरवतो: आटे तिरके लागले तर नळी घसरते, पाना घसरत नाही.