जर्मनच्या डोंग्याचं बुड

आमच्या पवनीकडं अजून लाकडी डोंगेच जास्त. माझा मात्र जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा. बारा फूट लांब, चार फूट रुंद, जुनाच घेतलेला. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात पाण्याखाली झाडांची खुंटं आहेत, काठाला मुरूम. दहा वर्षं ओढून-ओढून बुड पातळ झालं आणि मागच्या साली जाळं काढेपर्यंत तीनदा पाणी उपसावं लागलं. वैशाखात डोंगा वर काढला नि दुरुस्त केला. कसा, ते सांगतो.

राजेहो, पयले वेल्डिंगवाल्याकडं पळू नका. मी पळालो होतो. खिडक्या-गेटाचं काम करणारा माणूस, त्यानं लोखंडाच्या सवयीनं मशीन लावली आणि सुईएवढ्या भोकाचं रुपयाएवढं केलं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळते, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय वितळायला दोन हजाराच्या वर लागते. वरची साय तशीच आणि आतला धातू पाणी! टिग वेल्डिंग (आर्गॉन गॅसवालं) येणारा पक्का कारागीर असला तर गोष्ट वेगळी. नाहीतर रिव्हेट (पत्रे जोडायची ठोकून बसवलेली खीळ) आणि सीलंट (फट बुजवायचा चिकट लगदा) हेच बरं.

आधी गळती शोधा. डोंगा विटांच्या थप्प्यांवर ठेवा, थप्प्या आडव्या पट्ट्यांच्या खाली येतील अशा. आत चार बोटं पाणी भरा. जास्त नको, एवढ्याचंच वजन अडीचशे किलोच्या आसपास जाते. बाहेरून बुड कोरडं पुसून खडूची भुकटी चोळा, म्हणजे ओल काळी रेघ होऊन दिसते. माझी माय राख घेऊन आली होती. मी नाही म्हटलं, ओली राख जर्मनला खाते. थेंब जिथं पडते तिथंच भोक असेल असं नाही, रेघ वर कुठून सुरू होते ते पाहा. खूण मार्करनं करा, शिसपेन्सिलीनं नको. ग्राफाइट ओलं झालं की खालचा धातू गंजवते.

मला अकरा ठिकाणं सापडली. आठ तर ढिले रिव्हेटच होते. एक भोक फळीखाली होतं, तिथं जाळ्याची लोखंडी कडी कितीतरी दिवस ओल्या गाळात पडलेली. कडीभोवती पांढरी भुकटी, भुकटीखाली भोक. लोखंड नि अ‍ॅल्युमिनियम ओले एकत्र राहिले की अ‍ॅल्युमिनियमच झिजते. म्हणून लोखंडी स्क्रू, तांब्याची तार, काहीच वापरायचं नाही.

ढिल्या रिव्हेटवर बोट ठेवून शेजारी ठोकलं की तो हलते. भोक गोल असेल तर माझ्या साळ्यानं बाहेरून डोक्याला जड लोखंड लावलं, मी आतून हातोडीनं ठोकला. भोक लांबट झालं असेल तर रिव्हेट काढून दीड सुताचा (पाच मिलिमीटरच्या आसपास) नवा घाला. साधा पॉप रिव्हेट (हातपकडीनं एकाच बाजूनं बसवायचा) मधून पोकळ असते, त्यातूनच पाणी येते. बंद तोंडाचा मागा आणि सीलंट लावूनच बसवा.

चीर असेल तर दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ती पुढं धावते. ठिगळ बुडाच्याच जाडीच्या पत्र्याचं घ्या, ५०५२ दर्जाचा (पाण्यात टिकणारा अ‍ॅल्युमिनियम) असला तर उत्तम. दुकानाच्या पाटीचं एसीपी नको, त्याच्या पोटात प्लास्टिक असते. चिरेच्या चारी बाजूंनी दोन इंच जास्त, कोपरे गोल. बाहेरूनच लावा, पाण्याचा दाब त्याला बुडावर दाबते. खाली पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरपूर, रिव्हेट इंचा-इंचावर. न्हाणीघराचं सिलिकॉन नाही चालत. पीयू सीलंट हवेतल्या ओलाव्यानं वाळते आणि आपल्याकडं वैशाखात हवेत ओलावा काहूनचा असेल? मी बाजूला ओली पोती टांगली नि आठवडाभर हात लावला नाही.

पातळ झालेल्या भागावर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा, वाळून कडक होणारा लेप. स्टेनलेसच्या ब्रशनं नि पॉलिश पेपरनं घासलं की लगेच लावा, चहा पिऊन येतो म्हणू नका. तेवढ्यात साय परत चढते. काम पहाटे, सावलीत. मी दुपारी एकदम वाटीभर कालवलं तर वाटी तापून धूर निघाला. पसरट ताटलीत थोडं-थोडं कालवा. वर इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड लोखंडासाठी असते, आणि तांबं असलेला रंग तर दुकानात फुकट दिला तरी घेऊ नका.

पाण्यात टाकताना काठालाच बांधून ठेवा. आत कोरडा पेपर अंथरा, रात्रभर राहू द्या. माझ्या पेपरवर सकाळी मागच्या कोपऱ्यात पाचच्या नाण्याएवढा डाग होता. साळ्याला हाक मारली, डोंगा परत विटांवर चढवला.