खताचा डबा: उंदीर, मुंग्या, चिलटं कशी टाळायची

चार माणसांच्या घराला झाकणाचा ५० लिटरचा डबा पुरतो. जमलं तर दोन घ्या, एक भरला की दुसरा. बाजूंना नि तळाला ६ मिलिमीटरची भोकं पाडून आतून बारीक लोखंडी जाळी बसवा. प्लॅस्टिकची जाळी उंदीर कुरतडतात.

डबा विटांवर, सावलीत ठेवा. लातूर-परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात कचरा कुजण्याऐवजी वाळतो आणि कोरड्या डब्यात मुंग्या घर करतात. मूठभर कचरा दाबून बघा: हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. कोरडा वाटला तर पाणी शिंपडा.

ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सोयाबीनचं भुस्कट किंवा वाळलेला पाला टाका. चिलटं उघड्या सालींवर अंडी घालतात, म्हणून वरचा थर कायम कोरडाच हवा. मटण, मासे, तेलकट भाजी नकोच. चपट्या, राखाडी-तपकिरी अळ्या मात्र मारू नका. त्या कचरा झपाट्याने संपवतात.