वेदर स्टेशनचं सॉफ्टवेअर आणि डेटा कुठे ठेवायचा? या चुका टाळा

तासगाव-मिरज पट्ट्यातले अनेक द्राक्ष बागायतदार आता रानात स्वतःचं वेदर स्टेशन बसवतात. खांब कुठे रोवायचा, पर्जन्यमापक झाडाच्या आडोशाला येतो का, हे चार जाणत्यांना विचारून ठरतं. सॉफ्टवेअर मात्र 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पाच मिनिटांत टाकलं जातं आणि नोंदी नेमक्या कुठे साठतात, हे कुणी बघत नाही. सॉफ्टवेअर बिघडलं तर पुन्हा डाउनलोड होतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पानं किती तास ओली होती, हे मात्र मागे जाऊन मोजता येत नाही, आणि डावणी (डाउनी मिल्ड्यू) या रोगावरची फवारणी तर त्यावरच ठरते.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक विंडोजवर होते: सॉफ्टवेअर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकणं. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजने हा फोल्डर संरक्षित केला आहे. तिथे ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीशिवाय काही लिहिता येत नाही. क्युम्युलससारखी वेदर स्टेशनची सॉफ्टवेअर नोंदी आपल्याच फोल्डरमध्ये लिहितात, म्हणून ती इथे अडकतात. जुन्या प्रोग्रामच्या बाबतीत विंडोज तक्रारही करत नाही. फाइल गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये वळवतं. मग स्क्रीनवर तापमान, पाऊस सगळं दिसतं, पण मूळ फोल्डरमधल्या फाइलची तारीख जुनीच राहते. बॅकअप घेतला तर जुनाच डेटा येतो. घरातल्या दुसऱ्या कुणी आपल्या लॉगिनने सॉफ्टवेअर उघडलं तर नोंदी गायब, कारण हा फोल्डर प्रत्येक युजरचा वेगळा असतो.

असं काही दिसलं तर आधी सॉफ्टवेअर बंद करा. सी ड्राइव्हमध्ये 'युजर्स', त्यात तुमचं नाव, मग 'ॲपडेटा', 'लोकल' आणि 'व्हर्च्युअलस्टोअर' असं जा. ॲपडेटा लपवलेला असतो, त्यामुळे लपलेले फोल्डर दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागेल. तिथल्या फाइल नीट कॉपी करून घ्या. त्यानंतर थेट सी किंवा डी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून सॉफ्टवेअर आणि कॉपी केलेल्या फाइल त्यात हलवा. जुनं काढून टाकायची घाई करू नका. नव्या जागी दोन-चार दिवस नोंदी नीट पडू द्या.

दुसरी चूक सोयीच्या नावाखाली होते. चालू डेटाबेस गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक (आपोआप क्लाउडवर जाणाऱ्या) फोल्डरमध्ये ठेवला की बॅकअपची चिंता मिटली, असं वाटतं. पण सॉफ्टवेअर लिहीत असताना सिंक करणारा प्रोग्राम तीच फाइल धरून बसला, तर नोंद चुकते आणि एसक्यूलाइटचा (सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रणालीचा) डेटाबेस खराबही होऊ शकतो. चालू डेटा कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवरच हवा. क्लाउडवर जावी ती सॉफ्टवेअर थांबवून किंवा एसक्यूलाइटच्या बॅकअप कमांडने काढलेली प्रत.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर वीवेक्स हे वेदर स्टेशनचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. दर पाच मिनिटांची नोंद म्हणजे वर्षाला १,०५,१२० नोंदी. जागा फार लागत नाही, पण सतत लिहिण्याने मेमरी कार्ड झिजतं आणि लिहिताना लाईट गेली तर फाइलच बिघडते. डेटाबेस यूएसबीच्या एसएसडीवर ठेवा आणि पायला छोटा यूपीएस द्या. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाईट आल्यावर इंटरनेट नसेल तर वेळ चुकते आणि नोंदी भलत्याच तासावर पडतात. स्वस्तातलं घड्याळ मॉड्यूल लावलं की हा प्रश्न सुटतो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा लावावा लागतो.

जागा वाचवायला फक्त रोजची बेरीज ठेवणं, हेही माझ्या मते चूकच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तुमच्या सॉफ्टवेअरचा बहुधा मध्यरात्री. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस पडला, तो साडेआठ ते साडेआठ असा मोजलेला. पाच मिनिटांच्या नोंदी असतील तरच असा आकडा तुमच्या आकड्याशी ताडता येतो.

सांगलीत आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते: पूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या घरात कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर तळमजल्यावर असतील, तर दोन्ही एकदमच जातील. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर न्या. एक प्रत विटा-जतकडच्या एखाद्या पाहुण्याकडे ठेवा.

ती प्रत वर्षातून एकदा, फळछाटणीच्या (ऑक्टोबर छाटणीच्या) आधी, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. जूनमधला एखादा पावसाचा दिवस निवडून आकडा मूळ नोंदीशी ताडा. फाइल उघडली नाही किंवा आकडा जुळला नाही, तर मूळ डेटा हाताशी असतानाच नवी प्रत काढता येते.