तेलाच्या फडक्यांचा बोळा करून टाकू नका

ज्यांनी नुकतंच पॉलिशचं काम शिकायला घेतलंय त्यांच्यासाठी लिहितोय. ठाण्यात वागळे इस्टेटला एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये लागून मला तीनच महिने झाले होते, सागवानी डायनिंग टेबलला बॉइल्ड लिनसीड म्हणजे जवसाचं तेल लावायचं होतं, जास्तीचं तेल जुन्या बनियनच्या फडक्यांनी पुसलं आणि सगळ्या फडक्यांचा बोळा करून भुशाच्या पोत्यात कोंबला. संध्याकाळी शटर ओढायच्या वेळेला तळणीच्या जळक्या तेलासारखा वास यायला लागला. मिस्त्रींनी पोत्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मी बोळा उलगडायला गेलो तर ओरडले, "सोडू नको, हवा लागली की पेटेल, पाणी आण!" दोन बादल्या ओतल्या तेव्हा शांत झालं. आतलं फडकं मधोमध काळं पडलेलं, कडा पिवळ्याच.

ना कुणी विडी टाकली होती ना जवळ वायर होती. जवसाचं तेल स्पिरिटसारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकं पसरलेलं असलं तर ती निघून जाते, पण बोळ्यात अडकते, आणि जितकं तापेल तितकं ते अजून भरभर तापत जातं. बॉइल्डमध्ये लवकर सुकायचं औषध घातलेलं असतं म्हणून ते जास्त घातक, टंग ऑइल आणि डॅनिश ऑइल या लाकडाला लावायच्या दुसऱ्या तेलांनाही हाच नियम. लाखेच्या स्पिरिट पॉलिशचा बोळा डब्यात ठेवायची आपल्याकडे जुनी सवय, तीच इथे नडते.

१९९१ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत अशाच फडक्यांमुळे २२व्या मजल्यावरून पेटली, ३ फायरमन गेले.

म्हणून काम झालं की प्रत्येक फडकं सुटं करून, घडी न घालता, बाहेर सावलीत दोरीवर एकेक वाळत घालायचं, एकावर एक नाही. पापडासारखं कडक झालं की मगच कचऱ्यात. जागा नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून पूर्ण बुडवायचं, वर तरंगलं तर दाबायचं. तेल लावलेल्या लाकडाचा घासलेला भुसासुद्धा पोत्यात साठवू नका. घोडबंदरला फ्लॅटमध्ये हौसेने टेबल करणाऱ्यांनी तर फडकी किचनच्या डस्टबिनमध्ये अजिबात टाकू नयेत, रात्री सगळे झोपलेले असतात.

आमच्याकडे आता आधी मोरीजवळचा पाण्याचा डबा भरतात, मग तेलाचं झाकण उघडतात.